मिटलेली मूठ

पक्षाघाताच्या झटक्यानंतर मी महादेवावर रुसले होते, हे आधी कबूल करते. आमचं घर लिंगायत. रोज सकाळी न्हाऊन गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं, एवढीच माझी पूजा. आणि गेला तो नेमका डावा हात. ताडकळसला अंगणात तूर पाखडताना हातातलं सूप निसटलं, तोंड वाकडं झालं आणि मी तिथंच कोसळले. यजमानांनी जीप करून लगेच परभणीला नेलं म्हणून वाचले. पुढे पाय चालू लागला, बोलणं सुधारलं. हात मात्र छातीशी दुमडलेला आणि मूठ गच्च आवळलेली. गावातले स्वामी म्हणाले, मनातल्या मनात पूजा करा, त्याला चालतं. त्याला चालत असेल, मला चालत नव्हतं. जन्मभर ज्या हातावर तो बसला, तोच हात त्याने का मिटवला, एवढंच मी विचारत राहिले.

परभणीच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आम्ही आठवड्यातून तीनदा एसटीने जायचो. तिथल्या डॉक्टरताईंनी एक दिवस मला टीव्हीसमोर बसवलं आणि डाव्या हातात तारा जोडलेला हातमोजा चढवला. माझी बोटं हलली की पडद्यावरचा हात हलायचा. झाडावरचा आंबा त्या हाताने पकडायचा आणि टोपलीवर नेऊन सोडायचा, असा तो व्हिडिओ गेम. मला रडूच आलं. सुना-नातवंडांची बाई मी, चार माणसांत बसून पोरखेळ करायचा!

"ताई, औषध द्या. ह्यानं काय हुणार?" मी म्हणाले.

"मावशी, हेच औषध आहे," ताई म्हणाल्या. "नुसता हात हलवा म्हटलं तर तुम्ही दहा वेळा हलवता. आंबा पाडायचा म्हटलं की दोनशे वेळा हलवाल. मेंदूला पुन्हा वाट शिकवायची, तर तेवढं चालावंच लागतं."

मनात आलं, ठीक आहे. मी हट्टी, तर हट्टच करते. त्या दिवसापासून मी एकही खेप चुकवली नाही. ताप असला तरी गेले, गाडीत जागा नसली तरी उभी राहून गेले. खांदा हळूहळू उचलू लागला, कोपर सरळ होऊ लागलं, पडद्यावरचा हात झाडापर्यंत पोचू लागला. आंबा मुठीत यायचा. पण टोपलीवर नेला की सुटायचा नाही. मूठ उघडायचीच नाही. मी दात-ओठ खाऊन जोर लावायची, तशी ती आणखी आवळायची. ताई रोज सांगायच्या, जोर लावू नका. मला ते कळायचं, पण करता यायचं नाही. असे कितीतरी आठवडे गेले. घरी आल्यावर मी गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडे बघायचीसुद्धा नाही.

एका सोमवारी मी तशीच घामाघूम होऊन पडद्याशी झुंजत होते. शेजारच्या बाकावर हिरवी ओढणी घेतलेली एक म्हातारी बसली होती. बहिणीला दाखवायला आली होती. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग उठून जवळ आली. "दोन मिनिटं हात देता का, बाई?" असं तिने विचारलं. ताईंनी मान डोलावली. त्यांनी मोजा काढला आणि म्हातारीने माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली.

"येवढा जोर कशाला लावायलात? मी चाळीस साल बांगड्या भरल्या. जी बाई हात आवळून बसती, तिचीच बांगडी फुटती. मी तिला बोलण्यात लावायची. गाव कंचं, लेकरं किती. हात आपसूक ढिला पडायचा." असं म्हणत ती माझं मनगट खाली वाकवून, बोटांची पेरं हलकेच चोळत राहिली. "तुमचं गाव कंचं?"

"ताडकळस."

"लेकरं?"

मी सांगत गेले. थोरली पालमला दिलीय, धाकटा शेती बघतो. सांगता सांगता कुठं तरी माझं झुंजणं थांबलं. मनात शब्द नव्हते, पण भाव एवढाच होता: शिवा, आता तूच बघ. ताईंनी हळूच पुन्हा मोजा चढवला. मी आंब्याला हात घातला, टोपलीवर नेला आणि जोर लावलाच नाही. बोटं थरथरली. मग एकेक करून सुटली. आंबा टोपलीत पडला.

यजमान बाकावरून ओरडले, "पडला! अगं, पडला!" सगळा दवाखाना हसला. मी रडत होते. डोळे पुसून वळले तोवर ती बाई बहिणीला घेऊन आतल्या खोलीत गेली होती. पुढे ती मला कधी दिसली नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसले. तळहात उताणा केला, तो डुगडुगत होता. लिंग पडेल या भीतीने मी मागे सरले. यजमानांनी खालून आपला तळहात लावला. "माझा हात हाय खाली. ठेव तू." आमच्या दोघांच्या हातांवर त्या दिवशी महादेव बसला. बेलाचं पान वाहताना एवढ्या दिवसांचा रुसवा कुठं गेला, कळलं नाही.

ताई म्हणतात, सराव आत साठत होता, तो एक ना एक दिवस उमटणारच होता. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण मूठ सैल कशी सोडायची, हे सांगणारी बाई त्याच सोमवारी त्याच बाकावर येऊन बसली, याला मी कृपा म्हणते. कुणाशी वाद घालायचा नाही मला. शरण जायचं म्हणजे हातपाय गाळून बसायचं, असं मी समजत होते. तसं नाही. रोज करायचं, मन लावून करायचं आणि करताना आवळून धरायचं नाही.

अंगठा अजून ऐकत नाही. ब्लाउजचं बटण लागत नाही, कणीक एका हातानेच मळते. परवा पुन्हा परभणीला जायचंय. अंगठा ऐकेल, नाही तर नाही ऐकणार. मी मात्र जाणार. जाणं माझ्याकडे आहे, बाकीचं त्याच्याकडे.