एकाच ताग्याच्या पिशव्या

बोईसरच्या बाजारात पातळ प्लास्टिकच्या पिशव्या आल्या तेव्हा मी शाळेत होते. सगळ्यांना त्या फार आवडल्या. आमच्या नवापूर गावाहून रिकाम्या हातांनी बाजाराला जायचं आणि भरल्या हातांनी यायचं, ही आम्हाला मोठी चैन वाटायची. आई तर त्या धुऊन दोरीवर वाळत घालायची. मी पालघरच्या कॉलेजात जायला लागले तोवर मात्र त्या आमच्या खाडीपर्यंत पोचल्या होत्या. भरती उतरताना बाबा जाळं ओढायचे, तेव्हा कोळंबीबरोबर पिशव्या निघायच्या. एकदा पाटी अंगणात उपडी करून ते आईला म्हणाले, "घे, आज दुकानच गावला. सामान तेवढा नाय आत."

आम्ही हसलो, पण त्या दिवशी निवडण्यातच सकाळ गेली.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरी सगळ्यांना वाटायचं की मला खूप कळतं, आणि कॉलेजात मला वाटायचं की इतरांना खूप कळतं. वर्गात मी तोंड उघडत नसे. आमच्या एका प्राध्यापिकेने प्लास्टिकवर बोलताना विचारलं, "तुमच्याकडे काय अनुभव आहे?" बाबांचं जाळं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मी खाली बघत राहिले आणि तास संपला. संध्याकाळी बोईसरला उतरले तेव्हा ठरवलं, निदान आमच्या किराणा दुकानदाराशी तरी बोलायचं.

हे दुकानदार आमच्या लहानपणापासूनचे. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. मराठी बोलायचे, पण त्यात गुजराती मिसळलेली असायची. मी ओट्यासमोर उभी राहिले.

"बोल छोकरी, काय देऊ?"

"जिरं," मी म्हटलं.

घरी जिरं होतं. मी ते घेतलं, दहा पावलं गेले आणि परत आले.

"आता काय, मोहरी?"

तेव्हा कुठे मी बोलले. तुम्ही फुकट पिशव्या देता, त्याऐवजी एकदाच कापडाची पिशवी द्या, मग गिऱ्हाईक तीच घेऊन येईल. तुमच्या पिशव्यांचा खर्च वाचेल. पिशव्या माझी आई शिवेल. हे सगळं मी एका दमात बोलले असेन, कारण शेठ म्हणाले, "श्वास घे, श्वास घे. दुकान बंद नाही होत."

आईचं नाव मी मध्ये का घातलं ते सांगायला हवं. आई डोक्यावर माशांची पाटी घेऊन बोईसरला विकायला जायची. तिची मान इतकी दुखायची की रात्री कुशीवर वळता येत नसे. डॉक्टरांनी डोक्यावर ओझं घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. घरात एक जुनं शिलाई मशीन होतं आणि आईचा हात चांगला होता, पण गावातल्या पोलक्यांवर घर चालणार नव्हतं. बाहेरचं, कायमचं काम मिळालं तरच पाटी सुटणार होती. प्लास्टिकबद्दल मला खरंच वाटत होतं ते खोटं नाही. पण शेठसमोर उभी होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आईची मान होती.

शेठनी दोन दिवसांनी होकार दिला. औद्योगिक वसाहतीतल्या एका कापडाच्या कारखान्यातून त्यांच्या ओळखीच्या माणसाने छपाई चुकलेला एक मोठा तागा आणून दिला. विटकरी रंग, त्यावर पिवळी फुलं. फुलं जरा आपल्या जागेवरून सरकली होती एवढंच. शेठना ते कापड फारच आवडलं. "सगळ्या पिशव्या सारख्या पाहिजेत," ते म्हणाले. "बाजारात दुरून दिसलं पाहिजे, हे माझं गिऱ्हाईक." मलाही ते पटलं. शाळेच्या गणवेशासारखं देखणं दिसेल असं वाटलं. अट एकच होती. पगार झाल्यावरच्या रविवारी पिशव्या वाटायच्या. गिऱ्हाईक खूश झालं तर पुढे दर महिन्याला काम. तक्रार आली तर परत प्लास्टिक.

त्या आठवड्यात आमच्या घरात मशीनच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. मी बंद उलटे करायची, बाबा धागे कापायचे. शेजारची मावशी, म्हणजे आईची बाजारातली जोडीदारीण, दारात येऊन म्हणायची, "काय गो, बोईसरच्या सगळ्या लोकांना एकच झगा शिवतेस काय?" आई मान वर न करता म्हणायची, "तुला पण शिवते. उभी रा, माप घेते."

रविवारी मी दुकानाच्या बाजूला उभी होते. पहिली पिशवी घेऊन एक बाई निघाली आणि गर्दीत ती पिवळी फुलं हलायला लागली, तेव्हा मी मोजायला लागले. मग दुसरी, मग पाचवी, मग मोजता येईनात. रिक्षात, सायकलच्या हँडलला, मावशीच्या कमरेवर. आमच्या घरात शिवलेल्या पिशव्या बोईसरभर चालत होत्या. मी घरी जाऊन आईला सांगताना तीनदा तेच तेच सांगितलं आणि तिने तिन्ही वेळा ऐकलं.

आता जी चूक झाली ती आमच्या बाजाराशिवाय कुठे झाली नसती. शेठ शाकाहारी. त्यांच्या दुकानात मासे आणलेले चालत नसत. त्यामुळे सगळ्यांची रीत ठरलेली होती. आधी किराणा घ्यायचा, भरलेली पिशवी दुकानाच्या ओट्यावर ठेवायची, मग मासळी बाजारात जायचं, आणि परत जाताना बाहेरूनच पिशवी उचलायची. कधी कुणाची पिशवी गेली नाही. पूर्वी प्रत्येकाची पिशवी वेगळी असायची, कुणाची जुन्या पँटीची, कुणाची वायरची विणलेली. प्लास्टिक आलं तरी अडलं नाही, कारण आतलं बाहेरून दिसायचं. साबण कोणता, डाळ कोणती, यावरून माणूस आपली पिशवी ओळखायचा. त्या रविवारी ओट्यावर रांगेने उभ्या होत्या विटकरी पिशव्या, सगळ्या सारख्या, सगळ्यांवर पिवळी फुलं.

सोमवारी सकाळी आई उरलेल्या पिशव्या घेऊन माझ्याबरोबर निघाली. काही बंदांना टाके घालायचे राहिले होते, म्हणून सुईदोरा जवळ होता. मी पुढे पालघरची एस.टी. धरणार होते. दुकानाच्या वळणावर आलो तर ओट्यासमोर ही गर्दी. मला आधी वाटलं, पिशव्या मागायला आलेत! मी आईचा हात दाबला.

"शेठ, ही माझी नाय, यात सगळा मोहरीचा तेल," मावशीचा आवाज मला लांबूनच ओळखू आला.

तारापूरच्या वसाहतीत राहणाऱ्या एक बाई, चष्मा लावलेल्या, अगदी हळू बोलणाऱ्या, पिशवी अंगापासून हातभर लांब धरून उभ्या होत्या. "अहो, यात मिश्री आहे. आणि काहीतरी वाळलेलं आहे. सासूबाईंनी स्वयंपाकघर दोनदा धुवायला लावलं."

"वालेलं म्हंजे जवला हाय तो!" मावशी ओरडली. "माझ्या नणंदेला द्यायचा होता, म्हनून शेठना न सांगता तलाला ठेवलेला. आना इकडे. अन माझी मिश्री कमी दिसते, सासूबाईंनी लावली काय?"

त्या बाई लाल झाल्या आणि मग एकदम हसल्या. पण सगळे हसत नव्हते. कारखान्यात काम करणारा एक उत्तरेकडचा तरुण पिशवीतून लहान बाळाची पावडर काढून दाखवत होता. "भैया, हम तो अकेले रहते हैं। घरवाले क्या सोचेंगे?" कुणाला चहा पावडर मिळाली नव्हती, कुणाची साखर दुसऱ्याने रात्रीच वापरून टाकली होती. शेठ ओट्यावर उभे राहून दोन्ही हात हलवत होते. आई दिसताच म्हणाले, "बेन, हे घेऊन जा परत. उद्यापासून माझं प्लास्टिकच बरं."

आईने डोक्यावरचं पिशव्यांचं गाठोडं उतरवलं आणि मानेवर हात ठेवला. उद्या तिथे पुन्हा पाटी येणार होती.

मावशी स्वतःची पिशवी ताब्यात घेऊन आत तपासत होती. तपासता तपासता ती आईला म्हणाली, "तू पण काय गो, कोळ्याची बाय ना तू? दर्यात बोया सोडतो तवा निशानी लावतो की नाय? नायतर कुनाचा जाला कोन ओढील? पिशवीला नको काय निशानी?"

आमच्याकडे जाळ्याला तरंगायला बांधलेल्या बोयांवर प्रत्येक घराची खूण असते. कुणाचा लाल पट्टा, कुणाची चिंधी, कुणाची फुली. समुद्रात बोये सगळे सारखेच दिसतात, म्हणून. आईने मावशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ती ओट्याच्या पायरीवर बसली, मावशीच्या हातातून पिशवी घेतली आणि पांढऱ्या दोऱ्याने तिच्यावर होडी काढायला लागली. डोलकाठी, शीड, खाली दोन लाटा.

मला कळलं की आता कुणीतरी बोललं पाहिजे. शेठ बोलणार नव्हते, आई तर खाली बघून टाके घालत होती. मी पायरीवर चढले. "ऐका!" मी ओरडले. आवाज इतका मोठा आला की मीच दचकले. "ज्याची त्याची पिशवी आधी ज्याला त्याला देऊ. मग प्रत्येकाला आपली खूण मिळेल. काय पाहिजे ते सांगा. आई काढून देईल. आत्ता, इथेच!"

मग तो तरुण म्हणाला, "हाथी बनेगा?"

"बनेगा," मी म्हटलं. आईने हत्ती कधी शिवला होता की नाही देव जाणे.

मी शेजारच्या दुकानात पळाले आणि लाल, हिरव्या, निळ्या दोऱ्यांच्या लडी उचलल्या. परत येईपर्यंत लोकांनी आपापसात सामान बदलायला सुरुवात केली होती. "तुमची तूरडाळ का? मग माझा रवा तुमच्याकडे." एकमेकांशी कधी न बोललेली माणसं एकमेकांच्या पिशव्यांत डोकावून बोलत होती. वसाहतीतल्या बाईंनी तुळस मागितली. मग त्या स्वतःच आईशेजारी पायरीवर बसल्या, दुसरी सुई मागून घेतली आणि म्हणाल्या, "पानं मी काढते, तुम्ही वृंदावन काढा." दोघींना पापलेट हवं होतं. त्यावरून भांडण लागलं. मी म्हटलं, एकीचं डावीकडे तोंड, एकीचं उजवीकडे. चाललं. हत्ती मात्र कोळंबीसारखा दिसत होता. तो तरुण पिशवी फिरवून फिरवून बघत होता. "सूंड किधर है?" मावशीने बोट ठेवून दाखवली, "ही काय! दर्यातला हत्ती हाय, असाच असतो."

गर्दी वाढत गेली. ज्यांची पिशवी बदललीच नव्हती तेही खूण करून घ्यायला आले. आणि रांगेत उभं राहिल्यावर हात रिकामे कशाला, म्हणून शेठकडे सामान मागायला लागले. शेठना वजन करायला फुरसत मिळेना. मध्येच त्यांनी आईसमोर चहाचा ग्लास ठेवला आणि पुन्हा वजनकाट्याकडे वळले.

ऊन चढल्यावर गर्दी ओसरली. शेठ बाहेर आले, पायरीवरचे धाग्यांचे तुकडे पायाने बाजूला केले. "बेन, पुढच्या महिन्याचा तागा मागवतो. पण निशाणी शिवूनच आणा. सकाळसारखी धमाल परत नको."

मी उडीच मारणार होते. पण आईने मान हलवली. "नाय शेठ."

मी तिचा पदर ओढला.

"कुनाला काय निशानी पायजे ते मला घरी बसून कसा समजल? गिराईकाला इचारून काढायला लागल. मी दर रविवारी हितं बसेन, ओट्याच्या कडेला. मशीन आनते."

शेठनी ओट्याच्या कडेला बघितलं. तिथे तेलाचे डबे ठेवलेले असायचे. मग त्यांनी आत आवाज दिला आणि डबे हलवायला सांगितले.

मी धावत एस.टी. पकडली. पहिले दोन तास कधीच बुडाले होते. बोटांना दोऱ्याचा निळा रंग लागला होता. शेजारी एक अनोळखी बाई बसल्या होत्या, मांडीवर भाजीची प्लास्टिकची पिशवी, बंद ताणून लांब झालेले. बसमध्ये मी कधीच कुणाशी बोलत नसे. त्या दिवशी मला राहवेना. जाळ्यापासून हत्तीपर्यंत सगळं मी त्यांना सांगून टाकलं, हातवारे करून, मधूनच मागे जाऊन, विसरलेलं पुन्हा जोडून. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायचं थांबवून ऐकत होता. उमरोळीला त्या उतरायला उठल्या.

"मोर काढेल का गं तुझी आई?" त्यांनी विचारलं.

"काढेल," मी म्हटलं. "रविवारी या. पण पिसारा तुम्ही सांगाल तसा."