सोळा वर्षांची 'अहो'

काल पुतणीच्या मेंदीला सोळा वर्षांची एक मुलगी आली होती. अकरावीत शिकते आणि लग्नांच्या मेंदीच्या ऑर्डरी घेते. दुपारपासून मान खाली घालून ती एकेकीच्या हातावर कोयऱ्या काढत होती. तिचे स्वतःचे तळवे मात्र कोरे होते. कोन धरायची दोन बोटं तेवढी तपकिरी.

साठीला आलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाई तिला म्हणाल्या, "अहो ताई, माझ्या हातावर जरा भरगच्च काढा हं."

त्या 'अहो'सरशी मुलीची पाठ ताठ झाली. ती ताठ पाठ माझ्या ओळखीची आहे. सतराव्या वर्षी मी साड्यांना फॉल लावून द्यायला लागले, तेव्हा शेजारच्या काकूही मला एकाएकी 'अहो' म्हणू लागल्या. केवढं बरं वाटलं होतं. घरात माझं मत विचारलं जाऊ लागलं, लोकांना तोंडावर नाही म्हणायलाही मी शिकले. पण मैत्रिणी सहलीला चल म्हणेनाशा झाल्या, आणि दमले म्हणून रडायची सोयच उरली नाही. एकदा 'अहो' झालेल्या मुलीला परत 'अगं' कुणी म्हणत नाही. तीस वर्षं झाली, माझी मान अजून दुखते.

मी तिच्यासमोर चहा ठेवला. "अगं, आधी चहा घे."

"नको काकू, अजून सहाजणी राहिल्यात."

"पाचच," मी म्हटलं, आणि माझे हात पदराखाली घेतले.