गिऱ्हाइकाचं आधी

मोर्चा आपल्या रस्त्याने जाणार असं कळलं, की फ्रेमवाल्यांच्या म्हाताऱ्या अंगात दहा माणसांचं बळ यायचं. काचेच्या तावांना गोधड्या गुंडाळायच्या, शोकेसवर बाहेरून प्लायवूड ठोकायचं. पण त्याआधी गिऱ्हाइकांचे फोटो पोटमाळ्यावर न्यायचे. ही शिस्त बायकोने लावलेली. "गिऱ्हाइकाचं आधी. आपलं उरलं तर आपलं," म्हणायची.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. कॅमेरा दिसला की तोंड फिरवणारी बाई. एकदाच हसताना सापडली, तो एकुलता एक फोटो. दुकानातल्या सगळ्यात देखण्या फ्रेममध्ये घालून त्यांनी तो शोकेसमध्ये लावला होता. लेक सारखी मागे लागायची, "बाबा, आईला घरी आणा ना."

"घरी काय करेल ती? मी दिवसभर इथे. भांडेल कुणाशी?"

या वेळी लेकही मदतीला आली होती. निम्मे फोटो वर गेल्यावर तिने विचारलं, "आईला काढू का?"

"शोकेसचं शेवटी. प्लायवूड ठोकून घेऊ, मग आतून काढू."

शेवटचा गठ्ठा माळ्यावर चढला, प्लायवूड ठोकलं, आणि तेवढ्यात पोलीस शिट्ट्या फुंकत आले. बंद करा, निघा! फ्रेमवाल्यांनी घाईघाईत शटर ओढलं. कोपऱ्यावर पोहोचल्यावर ते जागच्या जागी थांबले. "अगं, ती राहिली!" पण मागे वळू देतंय कोण? रस्ता केव्हाच अडवला होता.

सकाळी येऊन पाहिलं, तर प्लायवूड लोंबत होतं. पोलिसांच्या पाण्याच्या फवाऱ्याने शोकेस फोडली होती. फ्रेममध्ये पाणी शिरून सुकलं होतं आणि फोटो काचेला चिकटून बसला होता. चेहरा मात्र शाबूत. तशीच हसत होती.

असे चिकटलेले फोटो घेऊन किती गिऱ्हाइकं आली असतील. प्रत्येकाला ते दटावायचे, "ओढू नका! काचेसकट गार पाण्यात ठेवा, आपसूक सुटेल." लेक बादली भरायला धावलीसुद्धा. पण आपल्या माणसापुढे शहाणपण कुठलं टिकायला? फ्रेमवाल्यांनी कोपरा धरला आणि ओढला.

लेक बादली घेऊन आली तेव्हा त्यांच्या हातात पांढरा कागद होता. चेहऱ्याचे कपटे काचेवर राहिले होते.

"जगाला सांगत आलो गं, ओढू नका म्हणून," एवढंच ते बोलू शकले. मग लहान मुलासारखे रडले. लेकीने बादली खाली ठेवली आणि त्यांना जवळ घेतलं.

दुपारी एक आजोबा धापा टाकत आले. आपल्या बायकोचा फोटो त्यांनी फ्रेमिंगला दिला होता. फुटलेली शोकेस बघून त्यांनी दारातूनच विचारलं, "आमची ही... आहे ना?"

"आहे. नखाएवढाही ओरखडा नाही."

फ्रेमवाले माळ्यावर चढले, फोटो घेऊन आले आणि फडक्याने पुसून आजोबांच्या हातात ठेवला. आजोबा म्हणाले, "फ्रेम व्हायचीय अजून. राहू दे इथेच, उद्या नेतो."

"नको," फ्रेमवाले म्हणाले. "फ्रेम नंतर बघू. आज घरी न्या त्यांना."