न झालेली कावीळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणून तर सांगता येतंय. मध्येच विषय टाळला तर तेवढं चालवून घ्या.

आम्ही दोंडाईच्याचे. मी घरीच ब्लाउज शिवते. दोन मुली — मोठीचं तेव्हा लग्न जमत होतं, आणि धाकटी पूनम सहावीत होती. बडबडी पोर; मशीन चालू असताना तिच्यावर ओरडून मीच दमायचे. मग एका दिवाळीनंतर ती गप्प व्हायला लागली. एकदम नाही — थोडी थोडी. शाळेतून आली की बूट न काढता मागच्या खोलीत बसायची, तास तास. हाक मारली तर ओ द्यायची, पण उशिरा, शेजारच्या घरातून आल्यासारखी. पोट दुखतं म्हणायची. आधी चिडायची, मग चिडणंही थांबलं. मैत्रिणी दारातून परत जायच्या. एकदा केस विंचरताना मी विचारलं, काय होतंय गं तुला? म्हणाली, "काहीच होत नाही, आई. आतमध्ये काहीच होत नाही." माझा कंगवा थांबला. खरं सांगू? मला भीती वाटली तिची. स्वतःच्या पोरीची.

तिच्या वर्गशिक्षिकांनी मला बोलावून घेतलं. दोन महिने झाले, ही अशीच बसते, हे लाड नव्हेत, मनाचा आजार मुलांनाही होतो — धुळ्याला मनाच्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. इतकं सरळ सांगितलं. मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. कळलं. पटलंही.

पण मोठीला जळगावचे पाहुणे बघून गेले होते. होकार यायचा होता. धाकटीला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतात, हे तिकडे पोचायला किती वेळ लागला असता? अर्ध्या गावाच्या बायका माझ्याकडे माप द्यायला येतात. बातमी कशी फिरते ते मला चांगलं ठाऊक, निम्म्या तर मीच फिरवल्यात.

म्हणून मी सांगितलं — पूनमला कावीळ झालीय.

रक्त तपासलं, असंही ह्यांना सांगितलं. तपासलं नव्हतं. आणि कुणाला शंका नको म्हणून नरडाण्याकडच्या एका आबांकडून काविळीची माळ आणली. आमच्याकडे ही माळ डोक्यावर घालतात. दोऱ्यात वनस्पतीच्या काड्यांचे तुकडे गाठी मारून बांधलेले असतात. दिवसागणिक ती लांबते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर येते, आणि उतरली की कावीळ गेली म्हणायचं. शेजारच्या अक्का पूनमच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "माळ उतरनी म्हंजे बठ्ठं चांगलं व्हई जाई, पोरी." पोरीने मान हलवली. माळ उतरली की सगळं बरं होईल, हे तिला खरंच वाटलं.

मी मनात म्हणायचे, कावीळच नाही तर माळ लांबेल कशी? ती लांबली. रोज. काड्या सुकल्या की गाठी सैल होतात, कुणाच्याही डोक्यावर लांबते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मात्र सकाळी त्या माळेकडे बघायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. पूनम आरशासमोर उभी राहून शाळेच्या पट्टीने माळ मोजायची आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारायची. लोकांच्या घरी पोरांची उंची मोजतात, त्या रेघा वर चढत जातात. आमच्या खाली येत होत्या. कशातच मन नसलेली पोर तेवढं एकच काम न चुकता करायची — तिला बरं व्हायचं होतं हो. मला ते दिसत होतं आणि मी काज-बटण करत बसले होते.

माळ पूर्ण उतरली, आम्ही ती नदीत सोडली. दुसऱ्या दिवशी पूनमने आपली रंगपेटी, क्लिपा, आवडता निळा फ्रॉक, सगळं गल्लीतल्या पोरींना वाटून टाकलं. का गं, म्हटलं. शांतपणे म्हणाली, "कावीळ गेली ना. तरी मी अशीच आहे. म्हणजे मीच अशी आहे."

त्याच दुपारी तिला घेऊन मी धुळ्याची एसटी धरली. जळगावचा होकार आठ दिवसांपूर्वीच आला होता. साखरपुडा होऊ दे, म्हणून मी थांबले होते — हेही सांगून टाकते.

डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? मी म्हणाले, काविळीनंतर. तिथेसुद्धा. त्यांनी तसंच लिहून घेतलं. मग लिव्हरच्या तपासण्या, अशक्तपणाची औषधं, त्यांत काहीच निघालं नाही, आणि खरे उपचार सुरू व्हायला आणखी दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत मी तिला एकटी सोडली नाही, न्हाणीचं दारही लावू दिलं नाही.

पूनम बरी झाली. दोन वर्षं लागली. आता कॉलेजात आहे, बडबडतेही. मागच्या महिन्यात गल्लीतल्या मंडळाचं रक्तदान शिबिर होतं, आम्ही दोघी गेलो. कावीळ झाली होती का, असं अर्जात विचारलं होतं. तिने होय लिहिलं. टेबलावरच्या मुलाने आणखी दोन प्रश्न विचारले आणि तुझं रक्त चालणार नाही म्हणून सांगितलं. ती हिरमुसली, बाजूला जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागेच होते. माझा नंबर आला. मी आत गेले आणि रक्त देऊन आले.