मिस्तरींचं माप

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. अंबडच्या आमच्या फायबरच्या शेडमध्ये मिस्तरींच्या हातची एकच फळी बिघडली, आणि ती त्यांनी बिघडवली नव्हती. मी बिघडवली.

त्यांचा ठरलेला शब्द होता, "हात काढ." चालू कामाला कुणी नुसतं बोट लावलं की मनगटावर रबरी पट्टीचा फटका बसायचा आणि मागून तो शब्द यायचा. मालकांनाही तेच, फक्त फटका नसे. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. त्यांचं काम बघत राहावंसं वाटतं आणि बोलणं ऐकून उठून जावंसं वाटतं.

मी तिथं अठरा वर्षं पाण्याच्या टाक्या करत होतो. मिस्तरी सटाण्याकडचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, सगळी हयात होड्या करण्यात गेलेली. रागावले की तोंडात बागलाणी बोली यायची. माझ्या टाकीवर टिचकी मारून म्हणायचे, "हाई काय शे रे? टाकी का पापड?"

त्या हिवाळ्यात एक गिऱ्हाईक आलं. गंगापूर धरणावर उभं राहून वल्हवायची फळी त्याला हातानं केलेली हवी होती. रंग कोऱ्या चहाचा, पण आरपार दिसणारा. मिस्तरी खुलले. म्हणाले, "रंग मारला की पाप झाकतं. टिंटमध्ये माशीचा पाय पण दिसतो."

थर्माकोलचा ठोकळा त्यांनी गरम तारेनं कापला, मधोमध सागाची पट्टी बसवली आणि दोन आठवडे घासत राहिले. डोळे मिटून कडेवरून तळहात फिरवायचे, मध्येच थांबायचे आणि शिवी द्यायचे. शिवी थर्माकोलला असायची, पण आम्ही सगळे मान खाली घालायचो.

मग काच चढवायचा दिवस आला. म्हणजे फळीवर काचेचं कापड अंथरायचं, त्यावर टिंट घातलेलं इपॉक्सी रेझिन ओतायचं आणि रबरी पट्टीनं एका दमात ओढत न्यायचं. मध्ये थांबलात की गडद रेघ उमटते, ती जन्माची. थंडी होती. टाकीचं रेझिन थंडीत लवकर धरत नाही, तेव्हा ते घट्ट करणारं हार्डनर आम्ही थोडं वाढवतो. मिस्तरींना ते ठाऊक होतं. त्यांनी सगळ्यांसमोर मला हाक मारली.

"टाकीवाल्या, ऐक. हे तुझं रेझिन नाय. इथं हार्डनर वाढवलं तर लवकर नाय, कधीच धरणार नाय. डोक्यात जातंय का टाकीत जातंय?"

सगळी शेड हसली. मीही हसलो. आत मात्र काहीतरी पेटलं होतं.

त्यांनी छोट्या तराजूवर हार्डनर मोजून मगात ठेवलं आणि बाहेर गेले. "एकदा मिसळलं की लघवीलाही सुट्टी नाय," हेही त्यांचं ठरलेलं. मी कॅनमधून कागदी कपभर हार्डनर त्या मगात ओतलं. मदत म्हणून की सूड म्हणून, हे इतकी वर्षं मी स्वतःला विचारतोय. खरं सांगतो, मला त्यांना खोटं पाडायचं होतं. फळी दुपारपर्यंत धरली असती तर मी चारचौघांत म्हणणार होतो, बघा, टाकीवाल्यालाही कळतं.

ते परत आले. आपल्या मापाची एवढी खात्री की तो मग पुन्हा तराजूवर ठेवला नाही. मिसळलं, ओतलं, ओढलं. इतकं सुंदर काम मी नंतर पाहिलं नाही. चहाच्या रंगातून सागाची रेष न् रेष दिसत होती.

दुसऱ्या दिवशी फळी चिकट. पाचव्या दिवशीही चिकट. मिस्तरींनी अंगठा टेकवला, तर ठसा तसाच राहिला.

"आकडा वाचायला चुकलो मी," ते म्हणाले. "डोळा गेला माझा."

मालक म्हणाले, "मिस्तरी, वय झालं आता. साधी कामं घ्या." मला मालकाचं थोबाड फोडावंसं वाटलं. कुणाच्या चुकीसाठी? मी दोन हात लांब उभा होतो आणि तोंड उघडलं नाही. मिस्तरी त्या दिवशी कुणावर ओरडले नाहीत. मी फळी उचलायला हात लावला, तरी "हात काढ" म्हणाले नाहीत. आपली रबरी पट्टी माझ्या टेबलावर ठेवली आणि महिनाअखेरीस काम सोडून गेले.

गेल्या वर्षी मी सटाण्याला त्यांच्या मुलीकडे त्यांना भेटायला गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. मुलगी चहा टाकताना म्हणाली, "काका, आप्पा औषधाचं झाकणसुद्धा स्वतः भरत नाहीत. म्हणतात, माझ्या मापावर जाऊ नका."

मिस्तरी ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, "टाकीवाल्या, बरा आहेस ना?" इतकं मऊ बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्या मऊपणाचा मला संताप आला, आणि तो संताप घेऊन मी चहा पिऊन परत आलो.

फळी अजून शेडमागे उभी आहे. अंगठ्याच्या ठशात धूळ बसली आहे.

मिस्तरी, तुमचं माप बरोबर होतं. वरचं कपभर मी ओतलं. ही दोन वाक्यं मी त्यांचं देणं लागतो, आणि ती त्यांच्या तोंडावर अजून बोललेलो नाही.