तारेपलीकडचा बॉल
संत्र्याचा बहार फुलला की त्या वासानं मला बोरगावची एक संध्याकाळ आठवते. मोठ्या काकांचा मुलगा, माझा दादा, आणि मी, क्रिकेट आणि बेसबॉल या दोन्ही खेळांचे वेडे. सकाळी चहासोबत मोबाइलवर अमेरिकेतलं बेसबॉल पाहायचं आणि संध्याकाळी कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या वावरात गावातल्या पोरांसोबत क्रिकेट खेळायचं. त्या दिवशी बॉल शेजारच्या संत्र्याच्या बगिच्यात गेला. मी म्हटलं, "राहू दे ना दादा, बेसबॉलमधी पब्लिकात गेलेला बॉल कोणी वापस मांगते का?" तो हसला. "हे क्रिकेट होय बाबू. बॉल आल्याबगर खेळ पुढं नाही जात." रानडुकरांसाठी बगिच्याच्या तारेत करंट सोडायचे, पण अंधार पडल्यावरच. त्या दिवशी कोणीतरी उजेड असतानाच सोडला होता. दादानं वाकून तार धरली आणि तो थरथरू लागला, तेव्हा पोरं हसली, कारण सगळ्यांना वाटलं, मस्करी करून राहिला. मग फुलांच्या वासात जळका वास मिसळला. आजही सकाळी मी बेसबॉल लावतो. बॉल प्रेक्षकांत जातो, कोणीतरी तो झेलून खिशात घालतो, पंच नवा बॉल काढतो, आणि तो जुना आणायला कोणालाच जावं लागत नाही.