एक वीत वर

आमच्या कुंभकोणमच्या नाटकमंडळीतले जुने लोक भेटले की कॉफीबरोबर किस्से निघतात, आणि दर भेटीला त्यांत एखादा वाढतो. सगळे हसतात, मीही हसतो. पण मान खाली घालायची पाळी बहुतेक माझीच असते, म्हणून आज मीच सांगून टाकतो.

*

नाटक तमिळमधलं, मिरासदाराची म्हणजे बड्या जमीनदाराची टर उडवणारं. आम्ही सगळे तंजावरी मराठी घरांतले कारकून नाहीतर मास्तर. मिरासदार कुणालाच जमेना. आमचे कपडे इस्त्री करून आणणारा कण्णुसामी दाराशी उभा राहून तालीम बघायचा. एकदा मला म्हणाला, "सामी, तुम्ही धोतर उचलता ते स्वतः धुणाऱ्यासारखं." आणि जरीकाठ दोन बोटांत धरून त्यानं चालून दाखवलं. त्याच दिवशी भूमिका त्याची झाली.

*

शेवटचा प्रवेशही त्याचीच कल्पना. गड्याच्या घरी कॉफी घ्यायची वेळ आलेला मिरासदार विटाळ नको म्हणून टंब्लर, म्हणजे पेला, ओठांपासून एक वीत वर धरतो आणि घशात ओततो. लोक हसून लोळायचे! गडी मीच, हसू दाबताना पोट दुखायचं.

मध्यंतरात कॉफी यायची. कण्णुसामीचा टंब्लर वेगळा, मागच्या दाराशी कोनाड्यात ठेवलेला. पिऊन झालं की तो स्वतःच विसळून ठेवायचा. आम्हांला त्याचं काही वाटत नसे.

*

इन्नंबूरच्या प्रयोगाला खराखुरा मिरासदार पहिल्या रांगेत! आम्ही घाबरलो. तो मात्र पोट धरधरून हसला आणि शाबासकी देत म्हणाला, "आमच्या शेजाऱ्याला हुबेहूब उतरवलंत."

*

मद्रासहून सिनेमावाले आले, आमच्या नाटकाचा सिनेमा करायला. कंपनी छोटी, नाटकातलीच माणसं घेणार होती. जेवण माझ्या घरी. केळीची पानं मांडली आणि प्रश्न पडला, कण्णुसामीला पंगतीत बसवायचं कसं? आमच्यातले थोरले रघुनाथराव हळूच म्हणाले, "त्यास ताप आला म्हणून सांगा."

मी सांगितलं. रसम वाढेपर्यंत सिनेमातला मिरासदार मी झालो होतो.

तेवढ्यात मागच्या दारी कण्णुसामी इस्त्रीचे कपडे घेऊन आला. माझ्या बायकोनं काळजीनं तब्येत विचारली, तर म्हणाला, "मला काय झालंय, अम्मा?"

*

शूटिंगमध्ये कॉफी माझ्या नाकात जायला लागली. दिग्दर्शक वैतागला, म्हणाला शिकून या. शिकणार कुणाकडे? गेलो निर्लज्जासारखा कण्णुसामीच्या इस्त्रीच्या टेबलापाशी. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवून शिकवलं. एवढंच म्हणाला, "हसवायला करू नका, सामी. घरी करता तसं करा."

*

सिनेमा गावात लागला. आम्ही खुर्च्यांत, कण्णुसामी बायकोला घेऊन खाली जमिनीवर. शेवटच्या प्रवेशाला सगळ्यांत मोठ्यानं हसली ती त्याची बायको.

*

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. माफी मागायला त्याच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यानं चटई झटकून अंथरली. त्याला ताप आल्याचं खोटं मीच सांगितलं होतं, हे कसं कबूल करावं ते जुळवत होतो. त्याच्या बायकोनं कॉफीचा टंब्लर हातात दिला. त्याच विचारात मी तो उचलला आणि कॉफी घशात ओतली.

एक वीत वरून.

कण्णुसामी चटईकडे बघत राहिला. त्याची बायको मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"अगदी सिनेमातल्यासारखं! सामी, पुन्हा एकदा करून दाखवा ना."